अकरा पन्नासचं विमान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हालाच का सांगते आहे, ते मलाही नीट ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. उद्या आमच्या दुकानात तिकीट काढायला तुम्ही यायचे नाही म्हणून. आणि आलातच, तर तुम्हीही तोच प्रश्न विचाराल जो दिवसातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच – "ताई, स्वस्तातलं विमान घेऊ, का ते खायला-प्यायला देतात ते?" – आणि मी तुम्हाला खोटं उत्तर देईन. तोंडपाठ आहे मला ते.

माझं खरं मत काय आहे सांगू? तास-सव्वा तासाच्या प्रवासाला स्वस्तातलं विमान पुष्कळ झालं. पाणी विकत घ्यावं लागतं – मग घरून रिकामी बाटली न्यावी आणि तपासणी झाली की आत नळावर भरून घ्यावी. खिडकीच्या जागेला जादा पडतात – नका बसू खिडकीशी. बॅग पंधरा किलोच्या वर गेली की दंड – तर घरून वजन करून निघावं, भिंगारच्या बाजारात कुठलाही वाणी काट्यावर ठेवू देतो. शिर्डीहून हैदराबाद काय, पुण्याहून नागपूर काय, पाय लांब करेपर्यंत उतरायची वेळ होते. तेवढ्यासाठी डबीतल्या चार घास उपम्याचे पैसे कशाला भरायचे? वाटेत विमान बदलायचं असेल, सोबत आजारी माणूस असेल, तर घ्यावं महागाचं. काही बिघडलं तर ते निदान धड बोलतात. एवढंच. इतकं साधं आहे. आणि एवढं साधं मला दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला सांगता आलेलं नाही.

मी काय सांगते? "स्वस्तातलं नका घेऊ हो. ते टाइम बदलतात आणि कळवत नाहीत."

कळवतात. कळवलं होतं.

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला उलगडणार नाही. थोडं मागं जाते.

मी मूळची इकडची नाही. गोंदियाच्याही पुढची, देवरीकडची. नवरा भिंगारला लष्कराच्या कॅम्पातल्या मेसमध्ये स्वयंपाकी लागला आणि मी त्याच्यामागं आले. आमच्याकडची बोली वेगळी. पहिल्याच आठवड्यात भाजीवालीला म्हणाले, "काऊन वो, इतकी महाग काऊन देता?" तर ती शेजारणीकडं वळून म्हणाली, "ही कुठली गं? छत्तीसगडची का काय?" दोघी हसल्या. वाईट काही नव्हतं त्यात. पण मी पंधरा दिवस भाजी आणायला गेले नाही. मी अशीच आहे. कुणी हसलं की हातापायाला घाम फुटतो. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते. गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या रस्त्यातून माघारी येते.

अशा बाईला रूथबाईंनी कामावर ठेवलं. रूथबाई म्हणजे मिशनच्या शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या बाई. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी तिकिटांचं दुकान टाकलं होतं – रेल्वे, बस, विमान, शिवाय भरतीचे फॉर्म. कॅम्पातले जवान, त्यांच्या बायका, आजूबाजूच्या गावांतली पोरं, सगळे त्यांच्याकडं. पण साखरेनं डोळे अधू झालेले. लांबचं माणूस ओळखायच्या, जवळचं अक्षर मात्र दिसेना. त्यांना हाताखाली कुणीतरी वाचणारं हवं होतं. त्यांनी मला विचारलं, "कितवी झालीस?"

मी म्हणाले, "दहावी."

सातवी. आठवीत नाव होतं, पण दिवाळीनंतर शाळेत गेले नाही. का गेले नाही, ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही ते कारण म्हणून धराल आणि मला सोडून द्याल. नको.

"इंग्रजी वाचता येतं ना?" – "हो बाई." त्यांनी सर्टिफिकेट मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, असं कितीदा वाटतं – आणि लगेच स्वतःची चीड येते. म्हणजे दोष आता त्यांच्या विश्वासाचा का?

त्या बाईंनी माझ्यासाठी काय केलं नाही? मागची खोली राहायला दिली. मुलीच्या वेळी दवाखान्यात माझी आई पोचेपर्यंत दोन दिवस त्याच माझ्या उशाशी बसून होत्या. नाताळात करंज्या-चकल्यांचा पहिला डबा माझ्या घरी. मला थट्टेनं 'काऊन' म्हणायच्या – "ए काऊन, चहा टाक" – आणि का कोण जाणे, त्यांनी म्हटलं की मला हसू यायचं, घाम नाही. परमुलखात आईसारखं माणूस मिळालं की त्या माणसासमोर आपली लबाडी उघडी पडायची भीती किती वाढते, हे ज्याला मिळालं त्यालाच कळेल.

इंग्रजी अक्षरं मला येतात. एकेक लावून छोटा शब्द वाचते. लांब शब्द आला की मधेच धागा सुटतो. मग दुकानात कसं चालवलं? पाठ करून. त्या स्वस्तातल्या कंपनीचं पान मला पाठ होतं – डावीकडं कुठून, उजवीकडं कुठं, खाली तारीख, मोठं बटण, नाव, वय, पुन्हा मोठं बटण. झालं तिकीट. महागाच्या कंपनीचं पान मेलं दर पायरीला बारीक अक्षरात काहीतरी विचारायचं. हे पाहिजे का ते, हे मान्य आहे का, ते नको असेल तर इथं दाबा. तिथं माझा हात थिजायचा. म्हणून मी काय करायचे – गिऱ्हाइकानं विचारलं की स्वस्तातलंच पुढं करायचे. "तासाभराचा तर प्रवास, कशाला जादा घालता?" लोक खूश. बाई खूश – "आमची काऊन गिऱ्हाइकाचे पैसे वाचवते." आणि सल्ला तसा खरा होता, हीच तर गंमत. पण त्यामागचं कारण? अख्ख्या भिंगारनं कुठल्या विमानानं जायचं, हे माझी सातवी ठरवत होती.

असं आठ वर्षं चाललं. कुणाचं काही अडलं नाही. आणि मग कौसाबाईंचं तिकीट आलं.

कौसाबाई जामखेड तालुक्यातल्या. नवरा नाही. दसरा झाला की भाऊ-भावजयीबरोबर ऊसतोडीला बाहेर पडायच्या, त्या वर्षी कोपरगावच्या बाजूला होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अंकुश. भरतीच्या तयारीसाठी भिंगारला येऊन राहिला होता, तेव्हा बाईंनीच त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला, संध्याकाळी बसवून इंग्रजीही घेतलं. तो भरती झाला, हैदराबादला ट्रेनिंगला गेला. जानेवारीत त्याचा फोन आला. ट्रेनिंग संपलं, कसम परेड आहे, आई-वडिलांना बोलावतात, पदक त्यांच्या छातीला लावतात. "बाई, आईचं तिकीट तुम्हीच काढा. शिर्डीवरून. खायला देतात त्या विमानाचं काढा. ती लाजंल, मागून घेनार न्हाई, उपाशीच बसंल."

त्यानं पैसे पाठवले. महागाच्या विमानापुरते.

कौसाबाई तिकीट न्यायला स्वतः आल्या. काळ्यासावळ्या, काटक, बोटांना उसाच्या पाचटानं कापलेल्या रेघा. खुर्चीवर बसेनात, उंबऱ्यावरच बसल्या.

"विमानात बाईमानसाला अर्धं तिकीट न्हाई का गं ताई?"

"नाही हो मावशी."

"मग एसटीच बरी म्हनायची."

बाई म्हणाल्या, "कौसाबाई, एसटी उडत नाही."

"आमच्या जामखेडच्या रस्त्यानं या की येकदा. उडती!"

आम्ही तिघी हसलो. मग त्या पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, "पोरगं साळंत हुतं तवा म्हनायचं, आये, गॅदरिंगला समद्यांच्या आया येत्यात, तू का येत न्हाईस? कशी येनार? गॅदरिंग जानेवारीत, आमी फडात. येकदाबी गेले न्हाई बगा. आता ह्या टायमाला येतेच म्हनलं. मुकादमाकडून दोन दिस सुटी घेतली. भावजय तोडनार माज्या जागी."

त्या दोन दिवसांत बसनं जाऊन येणं होत नव्हतं. म्हणून विमान.

बाई म्हणाल्या, "चल, काढ गं. चांगल्यातलं."

मी महागाचं पान उघडलं. ते विमान सकाळी दहाचं होतं. जागा भरपूर होत्या. नाव घातलं, पुढं गेले – आणि लागली ती प्रश्नावली. एक चौकट लाल होऊन अडून बसली. काय पाहिजे होतं तिला? आजही माहीत नाही. मागं बाई उभ्या, उंबऱ्यावर कौसाबाई माझ्याकडं बघतायत – कुणी यंत्र चालवणाऱ्याकडं बघावं तसं, कौतुकानं. मला घाम फुटला. मी पान बंद केलं.

"बाई, ह्यात सीट शिल्लक नाही."

किती सोपं असतं बघा. चार-पाच शब्द. मग मी स्वस्तातलं उघडलं, दोन मिनिटांत तिकीट काढलं – दुपारी दोन वीसचं. कौसाबाईंकडं मोबाईल नव्हता, म्हणून नंबर दुकानाचा घातला. तो मोबाईल माझ्याच हातात असायचा. उरलेल्या पैशाचं काय करायचं म्हणून बाईंनी अंकुशला विचारलं, तर तो म्हणाला, आईला नवीन पातळ घेऊन द्या, परेडला नेसायला. ते बाईंनी बाजारातून स्वतः आणलं, मोरपंखी रंगाचं. कौसाबाईंनी ते पिशवीत न ठेवता काखेत धरून नेलं. जाताना मी सांगितलं, "मावशी, बारा वाजता विमानतळावर पोचायचं. आधी पोचलं की टेन्शन नाही."

जायच्या चार दिवस आधी दुपारी मोबाईलवर मेसेज आला.

इथं मला सावकाश लिहू द्या. हे मी दोन वर्षांत हजार वेळा मनात वाचलंय. वरती कौसाबाईंचं नाव, इंग्रजीत, ते वाचता आलं. मग लांबलचक शब्द. त्यातला एक तर खूपच लांब. मग दोन आकडे – आधी १४:२०, मग ११:५०. आकडे मला येतात. चौदा वीस म्हणजे दोन वीस, आपलं विमान. मग अकरा पन्नास काय? मी विचार केला – हो, विचार केला, घाईत नव्हते – आणि ठरवलं, की एवढ्या वाजता पोचा असं सांगतायत. आपण बारा सांगितलंय. दहा मिनिटांनी काय बिघडतंय?

पण खात्री होती का? नव्हती. ती नव्हती हेच तर सांगायचंय. तो लांब शब्द आधी कधी आला नव्हता. आणि बाई कुठं होत्या? पलीकडं ओटीवर, तुरीच्या शेंगा सोलत. दहा पावलांवर. मोबाईल घेऊन जायचं आणि म्हणायचं – बाई, ह्या शब्दाचा अर्थ काय? बाई म्हणाल्या असत्या, "वाच बरं." मग मी वाचलं असतं, अडखळत, अक्षर लावत. आणि बाईंनी मान वर केली असती.

ती मान वर व्हायला नको होती मला. एवढंच. त्या एका नजरेसाठी मी मोबाईल खिशात घातला आणि ओटीवर जाऊन शेंगा सोलू लागले.

जायच्या दिवशी बाराला पाच कमी असताना फोन वाजला. विमानतळावरून, त्या कंपनीच्या खिडकीवरची मुलगी. हिंदीत म्हणाली, तुमची पॅसेंजर आता आली आहे, विमान सुटलं, आज दुसरं नाही. मी म्हणाले, दोन वीसचं आहे ना? ती म्हणाली, अकरा पन्नास केलं होतं, मेसेज भेजा था.

अकरा पन्नास म्हटल्याबरोबर मला सगळं कळलं. सगळं. काहीही शिल्लक राहिलं नाही कळायचं.

मी म्हणाले, "नहीं आया."

मागून कौसाबाईंचा आवाज आला, तिनं फोन त्यांच्याकडं दिला होता. "ताई, मी बाराच्या आदीच आलेय की. गेलं म्हनत्यात. असं कसं गेलं? मानूस आल्याबिगर गेलं?"

ती मुलगी परत फोनवर आली, म्हणाली, साहेबांना विचारून दोन मिनिटांत करते. फोन ठेवला. बाई माझा चेहरा बघून उठल्या होत्या, ओटीवरून येत होत्या, हात पुढं केलेला – "काय झालं? दे इकडं." त्या दोन मिनिटांत मी काय काय करू शकले असते? मी मेसेज शोधला आणि पुसून टाकला. मग मोबाईल बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, त्यांनी टाइम बदलला. कळवलंच नाही."

फोन पुन्हा वाजला. बाई भांडल्या. जन्मात मी त्यांना तसं भांडताना पाहिलं नव्हतं. त्यांचं इंग्रजी करकरीत. मला चार शब्दच कळत होते, पण पलीकडचा माणूस गडबडला हे कळत होतं. तो सारखा काहीतरी सांगत होता – मेसेज पोचल्याची त्यांच्याकडं नोंद आहे म्हणून, हे बाईंनी नंतर सांगितलं. आणि मग बाई अचानक मराठीतच ओरडल्या, त्याला कळो न कळो –

"माझी पोरगी खोटं बोलत नाही!"

मी तिथंच उभी होते. भिंतीला टेकून. मला तेव्हाही सांगता आलं असतं.

त्या माणसानं पैसे परत देतो म्हटलं, नाहीतर उद्याच्या विमानात बसवतो म्हटलं. उद्या दुपारी. परेड सकाळी सातला. बाईंनी बसवाल्यांना फोन लावले. संध्याकाळची गाडी धरली तरी नऊच्या आत पोचणं नव्हतं, आणि कौसाबाई एकट्या, भाषा परकी. अंकुशला लावला तर बंद. परेड होईपर्यंत पोरांचे मोबाईल जमा असायचे. शेवटी बाई कौसाबाईंना म्हणाल्या, "कौसाबाई, काय करू मी? सांगा." पलीकडून त्या काय म्हणाल्या ते बाईंनी फोन ठेवल्यावर मला सांगितलं. म्हणाल्या, "तुमी रडू नका बाई. मी जाते फडावर. भावजय येकटीच दोगींचं तोडती."

मोरपंखी पातळ नेसून त्या माघारी उसात गेल्या.

पट्टा पडल्यावर, म्हणजे उसाचा हंगाम संपल्यावर, गावाकडं जाताना त्या मुद्दाम भिंगारला उतरल्या. फोडलेल्या चिंचेचे दोन गोळे आणले होते, एक बाईंना आणि एक मला. वेगळा, मला. म्हणाल्या, "तुमी तरी काय करनार, ताई? त्या विमानवाल्यांनी घात केला. तुमी तर येळंवर पोच म्हनून सांगितलं हुतं." मी तो गोळा घेतला. आमटीत घातला. वर्षभर पुरला.

आणि त्या दिवसापासून बाईंनी ठरवलं, स्वस्तातल्या विमानाचं तिकीट ह्या दुकानातून निघणार नाही. मला महागाच्या कंपनीचं पान त्यांनी स्वतः शेजारी बसून, हातात भिंग घेऊन शिकवलं – "हे नवं आहे, अवघड आहे जरा, सगळेच अडतात" – माझी अडचण त्यांनी न विचारता पानाच्या अवघडपणावर घातली. आता येतं मला ते. पाठ झालंय. गिऱ्हाईक कुरकुरतं, "बाई, तासाभरासाठी एवढे?" तर बाई माझ्याकडं बोट करतात, "हिला विचारा काय झालं ते." आणि मी सांगते. एकदा एक जवान हुज्जत घालत होता, "ताई, मला तर दर वेळी मेसेज येतो." मी त्याच्यावर खेकसले, "तुम्हाला येत असेल! आमच्या मावशींना नाही आला!" इतकी मनापासून चिडले की क्षणभर मलाच खरं वाटलं. कुणावर चिडले होते मी?

तो लांब शब्द मला नंतर सापडला. दुसऱ्या कुणाच्या मेसेजमध्ये आला, रूप ओळखलं, कागदावर उतरवून घेतला आणि मुलीला विचारला. ती तेव्हा दुसरीत. तिनं शाळेतल्या तिच्या बाईंना विचारून सांगितलं, "आई, वेळ बदलली." दुसरीतल्या पोरीला एका दिवसात जे विचारता आलं, ते मला चार दिवसांत विचारता आलं नव्हतं.

मागच्या महिन्यात अंकुश सुटीवर आला. दुकानात शिरला तर ओळखू येईना, छाती रुंद, आवाज जड. बाईंची नजर आता आणखी मंदावलेली, त्यांनी चेहरा चाचपून ओळखला. बसला, चहा घेतला आणि हसत हसत परेडचं सांगू लागला. पालकांच्या रांगेत नाव पुकारलं, कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. "मला वाटलं, मुकादमानं सोडलं नसंल. मग वाटलं, तिलाच जड झालं असंल, तोडनी बुडती म्हनून. गॅदरिंगसारखंच. लई राग आला हुता, बाई. आठ दिस फोन केला न्हाई तिला. मामाच्या फोनवरनं ती करायची, मी कट करायचो, तुमचाबी उचलला न्हाई. मग तुमाला फोन केला, तवा तुमी सांगितलं विमानाचं."

आठ दिवस. हे मला माहीत नव्हतं.

आता त्याची नेमणूक नागपूरकडं झाली आहे, क्वार्टर मिळालंय, आईला न्यायचंय. तिकीट काढायचं पुण्याहून. म्हणाला, "स्वस्तातलंच बघा बाई. तासाभराचा तर प्रवास. ती आता डबा बांधून नेती, लाजत न्हाई."

बाई म्हणाल्या, "मुळीच नाही. एकदा झालं तेवढं पुरे. हिला विचार. सांग गं त्याला."

तो माझ्याकडं वळला. समोर, एका हाताच्या अंतरावर. दुपारची वेळ, दुकानात चौथं कुणी नाही. बाईंचा चेहरा निवांत. ह्याहून बरी वेळ मला कधी मिळाली असती?

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "स्वस्तातलं नको. ते टाइम बदलतात आणि कळवत नाहीत."

"ताई म्हनत्यात म्हंजे खरंच," तो म्हणाला आणि खिशात हात घातला.

मेसेज आला होता. मी वाचला, कळला नाही, विचारला नाही. नंतर पुसला. कौसाबाईंची ती सकाळ मी घालवली, अंकुशचे ते आठ दिवस मी घालवले, आणि रूथबाईंना माझ्या खोट्यासाठी भांडायला लावलं. सीट शिल्लक होती.

मी दोघांची महागातली तिकिटं काढली, छापून हातात दिली. तो उठला, बाईंच्या पाया पडला. मग माझ्या पुढ्यात वाकला. मी पाय मागं घेतले नाहीत.